नाडीची खूण

आजीच्या कमरेभोवती एक काळा पट्टा होता. आंघोळीनंतर साडी नेसताना दिसायचा. बोटभर रुंद, आजूबाजूच्या कातडीपेक्षा जाड, मधूनमधून कोंडा सुटलेला. "हे काय गं?" विचारलं तर म्हणायची, "नाडीची खूण, दुसरं काय." फारच खाजलं तर खोबरेल तेल लावायची आणि परकराची नाडी पुन्हा त्याच जागी आवळायची.

नाडीचं गणित शाळेतलंच आहे: दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. निऱ्यांचा आणि अख्ख्या साडीचा भार, त्यात दिवसभराचं वाकणं-उठणं, हे सगळं तोलते ती जेमतेम चार मिलिमीटरची दोरी. तेवढ्याच ताणाने चार सेंटिमीटरचा पट्टा बांधला, तर कातडीवरचा दाब एक दशांश होईल. शिवाय नाडीखाली घाम मुरतो, धूळ अडकते आणि घर्षण चालूच राहतं. बहुतेक बायकांच्या बाबतीत गोष्ट काळ्या डागापाशीच थांबते. क्वचित मात्र तिथे चीर पडते. ती भरू लागते, तोवर दुसऱ्या दिवशीची नाडी तिला पुन्हा सोलते. असं वर्षानुवर्षं चाललं की कातडी दुरुस्त करणाऱ्या पेशींना सतत विभाजन करत राहावं लागतं आणि प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल करताना चूक होण्याची शक्यता असते. अशा न भरणाऱ्या जुनाट जखमेत उद्भवणाऱ्या कर्करोगाला 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात.

कपड्याशी या रोगाचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीच नोंदला गेला, आणि तोही पुरुषांच्या कपड्याशी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली सहकाऱ्यासोबत 'धोतर कर्करोगा'वर लिहिलं. धोतर गेलं, पँट आली, पुरुष सुटले. बायकांच्या वाट्याला नाडी राहिली आणि पुढे 'साडी कॅन्सर' हे नाव रूढ झालं.

नोव्हेंबर 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत मांडली. त्यांचं म्हणणं, दोष साडीचा नाही, आतल्या परकराचा. म्हणून 'पेटीकोट कॅन्सर' म्हणा. पहिलीच्या बाबतीत ते पटतं: ती नऊवारीच्या आत परकर घट्ट बांधायची आणि तिची जखम 18 महिने भरत नव्हती. दुसरी मात्र 40 वर्षं नुसतं लुगडं आवळून नेसत होती, परकर नव्हताच! मला विचाराल तर आवळण्यालाच दोष द्यावा.

डाग काळा आहे म्हणून घाबरू नये. पण त्यावरची जखम काही आठवड्यांत भरली नाही, कडा उंच-टणक झाल्या, पाणी किंवा वास येऊ लागला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. जागा अशी की बायका ती चटकन दाखवत नाहीत, त्यातच महिने जातात.

एकदा आम्ही आजीच्या परकराला शिंप्याकडून रुंद पट्टा आणि हुक लावून आणले. चार दिवसांनी पाहिलं तर ती सेफ्टी पिनेने जुन्या परकराच्या नेफ्यात नवी नाडी ओवत बसली होती. म्हणाली, "त्या पट्ट्यात कंबर सुटल्यासारखी वाटते गं."