पाठ टेकवायची की पोकळी राखायची? घरच्या पिलाटेस व्हिडिओची पार्श्वभूमी

घरी पिलाटेस सुरू करणारा माणूस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या व्हिडिओला अडखळतो. पहिल्या व्हिडिओत सांगितलेलं असतं, "कंबर चटईला पूर्ण टेकवा, खाली फट राहता कामा नये." पुढच्यात व्यायाम तोच, पण सूचना उलटी : "कमरेखालची नैसर्गिक पोकळी तशीच ठेवा, पाठ दाबू नका." शिकवणारे दोघेही प्रशिक्षित, दोघांच्याही व्हिडिओवर नाव पिलाटेसच. साहजिकच वाटतं की यातला एक जण चुकतोय. खरं तर या दोन सूचना दोन वेगळ्या काळांतल्या आहेत. त्या एका नावाखाली कशा आल्या, हे कळलं की समोरचा व्हिडिओ बराच सोपा होतो.

ही व्यायामपद्धती घडवणारे जोसेफ पिलाटेस यांचं जर्मनीतलं आजारी बालपण, पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये झालेली स्थानबद्धता, १९२६ मध्ये न्यूयॉर्कला येणं आणि तिथल्या नर्तकांमध्ये झालेलं नाव, हे सगळीकडे वाचायला मिळतं. घरच्या व्यायामासाठी महत्त्वाचं साल १९४५. त्या वर्षी त्यांनी आपल्या पद्धतीवर पुस्तक काढलं. पद्धतीला ते स्वतः 'कंट्रोलॉजी' म्हणत. पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम फोटोंसह, ठरावीक क्रमाने दिले आहेत, आणि वाचकाने ते आपले आपण करावेत म्हणूनच दिले आहेत. शिक्षक शेजारी नसताना, पाहून पाहून पिलाटेस करणं हे पडद्याने आणलेलं नाही. ते मुळापासूनच आहे.

त्या पुस्तकातली मात्रा मात्र आज विसरली गेली आहे. पहिला व्यायाम 'हंड्रेड'. उताणं झोपायचं, डोकं आणि पाय उचललेले, सरळ हात खांद्यापासून सहा ते आठ इंच वरखाली हलवायचे. पाच हालचालींत श्वास आत, पाच हालचालींत बाहेर, असे दहा श्वास झाले की शंभर. पण सुरुवात फक्त २० हालचालींनी करा, नंतर ५-५ वाढवत जा आणि १०० च्या पुढे कधीही जाऊ नका, असं तिथे बजावलं आहे. नवशिक्यांसाठी म्हणून केलेल्या कितीतरी व्हिडिओंत पहिल्याच दिवशी पुरे शंभर मोजून घेतात. चाळीस-पन्नासच्या आसपास पोटाचे स्नायू दमतात, डोक्याचा भार मानेवर येतो, हनुवटी पुढे निघते. दुसऱ्या दिवशी दुखते ती मान, पोट नव्हे. अशा वेळी डोकं खाली टेकवून हात चालू ठेवले तरी चालतं. श्वासाचा हिशेब त्याने बिघडत नाही.

दुसरी गोष्ट पिलाटेस यांच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओतल्या यंत्रांची. तिथला शिकणारा फक्त चटईवर नसे. सरकत्या गादीचं 'रिफॉर्मर' आणि त्याच्या स्प्रिंगा होत्या. स्प्रिंग ताकदीला विरोध करते एवढंच आपल्या लक्षात राहतं. पण पाय पट्ट्यांत अडकवले की तीच स्प्रिंग पायांचं वजन उचलूनही धरते. दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश भरतात. ६० किलोच्या माणसाने चटईवर दोन्ही पाय सरळ उचलले की जवळपास २० किलो वजन खुब्यापासून लांब लोंबकळतं, आणि ते पेलताना कंबर वर ओढली जाते. स्प्रिंग नसलेली चटई ही सोपी पायरी नाही, बऱ्याच जणांसाठी तीच अवघड पायरी आहे. व्हिडिओच्या धंद्यात मात्र चटई 'बिगिनर' आणि यंत्र 'ॲडव्हान्स्ड' असा क्रम रूढ झाला, कारण चटई प्रत्येकाकडे असू शकते.

नाव मोकळं झालं तेव्हा

घरच्या व्यायामाच्या कॅसेटी १९८० च्या दशकात घरोघरी गेल्या, पण ती लाट एरोबिक्सची होती. पिलाटेस तिच्यात उशिरा आलं, आणि आलं तेही बरेचदा टोपणनावाने. कारण ट्रेडमार्क. व्यायाम शिकवण्याच्या सेवेसाठी एक आणि उपकरणांसाठी एक, अशी 'पिलाटेस' या शब्दाची नोंदणी अमेरिकेत झालेली होती. १९९० च्या दशकात ती ज्याच्या हाती आली, त्याने परवान्याशिवाय हा शब्द वापरणाऱ्या शिक्षकांना आणि स्टुडिओंना नोटिसा धाडायला सुरुवात केली. यात असेही शिक्षक सापडले, ज्यांची विद्या थेट मूळ स्टुडिओतून आली होती. त्यामुळे त्या काळात हीच पद्धत 'मेथड', 'बॉडी कंडिशनिंग' अशा सावध नावांनी शिकवली गेली.

प्रकरण न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २००० मध्ये निकाल लागला. पिलाटेस हे व्यायामाच्या एका पद्धतीचं सर्वसाधारण नाव आहे, कोणा एका विक्रेत्याची खूण नाही, असं न्यायालयाने ठरवलं. दोन्ही नोंदी रद्द झाल्या. निकालावर नाराजी तेव्हाही होती, आजही आहे. नाव राखलं असतं तर दर्जा राखला गेला असता, हा त्यामागचा युक्तिवाद. पण निकालाची बाजू भक्कम आहे. या व्यायामाला लोकांच्या तोंडी दुसरं नावच नव्हतं. 'कंट्रोलॉजी' कोणाला कळत नव्हतं. एखाद्या गोष्टीला तिच्या एकमेव नावाने हाक मारायची मुभा एकालाच ठेवली, तर बाकीच्यांनी ती शिकवायची कशी? शिवाय मालकी हातात असताना शिकवण्यात एकसारखेपणा होता असंही नाही. मूळ शिक्षकाच्या थेट शिष्यांमध्येच क्रम, श्वास आणि पाठीची ठेवण यांवर मतभेद होते.

निकालाची किंमत मात्र घरच्या प्रेक्षकाने मोजली. निकालानंतर काही वर्षांतच डीव्हीडींवर हा शब्द सर्रास दिसू लागला. जुन्या घराण्याची शिकवण, फिजिओथेरपीच्या अंगाने आलेली शिकवण आणि एरोबिक्सच्या तालावर बसवलेली शिकवण, तिन्ही एकाच शब्दात मावल्या. हातातला व्हिडिओ यांपैकी कोणता, हे वेष्टणावर कुठेच लिहिलेलं नसतं.

पाठीचा घोळ

जुन्या शिकवणीत उताण्या स्थितीत पाठ सपाट टेकवायची, बेंबी कण्याकडे खेचायची आणि कणा एकेक मणका करून उचलायचा. १९४५ च्या पुस्तकातले फोटोही तसेच आहेत. त्या काळच्या शरीरसौष्ठवात सपाट कणा आदर्श मानला जाई, आणि शिकणाऱ्यांत मोठा भरणा नर्तकांचा होता. कमरेची अतिवाक ही त्यांची नेहमीची तक्रार. त्यांना पाठ टेकवायला सांगणं योग्यच होतं.

वळण आलं १९९६ मध्ये. पाठदुखी असलेल्या आणि नसलेल्या माणसांना हात झटकन उचलायला सांगून पोटाच्या सगळ्यात आतल्या आडव्या स्नायूची नोंद घेणारा एक ऑस्ट्रेलियन अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ दुखत नव्हती त्यांचा हा स्नायू हात हलायच्या आधीच जागा होत होता, दुखणाऱ्यांचा उशिरा. फिजिओथेरपिस्टांनी हा धागा उचलला, पिलाटेसचे व्यायाम हाताशी होतेच, आणि 'न्यूट्रल' ठेवणीची नवी शिकवण उभी राहिली. कमरेची नैसर्गिक पोकळी मोडायची नाही आणि आतला स्नायू अगदी हलका, जेमतेम जाणवेल इतकाच आवळायचा.

व्हिडिओत घोळ झाला तो इथे. 'बेंबी कण्याकडे' हे शब्द जुन्या शिकवणीत जोराने खेचण्यासाठी होते आणि नव्या शिकवणीत हलक्या आवळण्यासाठी. शब्द तेच राहिले, मात्रा हरवली. पडद्यावरून पोहोचतं ते एवढंच की पोट आत घ्या आणि धरून ठेवा. मग माणूस श्वास कोंडतो, बरगड्या वर येतात, आणि जोर लावताना पोट मधोमध तंबूसारखं वर फुगतं. आवळणं बरोबर असेल तर बोलता येतं. व्यायाम चालू असताना दहापर्यंत मोठ्याने मोजता येत नसेल, तर जोर जास्त झाला. पोट तंबूसारखं वर येत असेल, विशेषतः बाळंतपणानंतर, तर तो प्रकार त्या दिवशी सोडून पाय खाली टेकवायचे.

न्यूट्रल ठेवण शोधायची रीत हाताने समजते, नजरेने नाही. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, पावलं खुब्यांइतक्या अंतरावर टेकवायची. तळहातांच्या टाचा कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर, बोटांची टोकं ओटीपोटाच्या खालच्या हाडावर, असा त्रिकोण करायचा. त्रिकोण जमिनीला समांतर असला की ती न्यूट्रल. बोटांची बाजू वर गेली की कंबर टेकली, टाचांची बाजू वर गेली की कंबर उचलली. पोकळी किती, याला एकच माप नाही. कुणाची बोटंही धड शिरत नाहीत, कुणाचा अख्खा तळवा जातो.

आता एक हात कमरेखाली सरकवून ठेवायचा आणि दोन्ही पाय गुडघे काटकोनात ठेवून वर घ्यायचे. हातावरचा दाब जसाच्या तसा राहिला तर ठीक. तिथून पाय हळूहळू लांब करत, खाली न्यायचे. एका ठिकाणी तळहात अचानक मोकळा होतो, पाठ त्याच्यावरून उठलेली असते. पाय आपल्याला तिथवरच झेपतात, व्हिडिओतली प्रशिक्षिका ते कितीही खाली नेत असो. तिथून दोन-तीन इंच वर राहून व्यायाम करायचा.

यावरून दोन्ही सूचनांची जागा लागते. पावलं जमिनीवर असताना किंवा एकच पाय वर असताना पोकळी राखणं जमतं, आणि शिकण्यासारखं तेच आहे. दोन्ही पाय वर आहेत आणि पाठ उठू पाहतेय, तेव्हा कंबर किंचित टेकवणं हा आधार आहे. ताकद आली की तो सोडायचा. आणि 'रोल अप'सारख्या व्यायामात, जिथे झोपल्या जागेवरून कणा गुंडाळत बसायचं असतं, तिथे पोकळी राखण्याचा प्रश्नच येत नाही, पाठ गोल होणं हाच तो व्यायाम. तो जमत नाही तेव्हा पाय उडतात, कारण खुब्याचे स्नायू खेचतात आणि कमरेचा भाग वळत नाही. गुडघे दुमडून, मांड्यांना मागून धरून वर यावं. पाय झटकून घेतलेल्या हिसक्याने वर येण्यात फायदा नाही.

एका गटासाठी मात्र पाठ गोल करणारे व्यायाम खरोखर धोक्याचे आहेत, आणि व्हिडिओंत हे फार क्वचित सांगतात. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांवरचा १९८४ चा एक अभ्यास आहे. पाठ पुढे वाकवण्याचे व्यायाम केलेल्यांपैकी ८९ टक्क्यांना मणक्यांची नवी मोडतोड झाली, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्यांत १६ टक्क्यांना. पुढे वाकणाऱ्या गटात फक्त ९ जणी होत्या, त्यामुळे आकडा अंतिम नाही, पण इशारा म्हणून पुरेसा आहे. ठिसूळ हाडं असतील तर रोल अप, रोल ओव्हर (उताणं झोपून पाय डोक्यावरून मागे नेणं), चेंडूसारखं लोळणं हे गाळून पालथं झोपून करायचे व्यायाम ठेवावेत, आणि तेही डॉक्टरांना विचारून. पाठदुखीवर पिलाटेसचा उपयोग किती, याचा २०१५ चा एक आढावा १० चाचण्या आणि ५१० माणसांवर आधारलेला आहे. काहीच न करण्यापेक्षा किंवा नावापुरतं करण्यापेक्षा पिलाटेस बरं, पण इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा ठाम पुरावा नाही, असं त्यात निघालं.

पडदा लहान झाला

कॅसेट आणि डीव्हीडीचे धडे पाऊण ते एक तासाचे असत. २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि पुढे धडे दहा-वीस मिनिटांवर उतरले. कात्री लागली ती आधीच्या तयारीला : श्वास, कमरेचं हलकं डोलणं, एका व्यायामातून दुसऱ्यात जाण्याची रीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये या छोट्या व्हिडिओंवरच लाखो लोकांनी सुरुवात केली. दहा मिनिटांचा व्हिडिओ लावण्याआधी पाच मिनिटं तयारीला स्वतः द्यावीत, हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

पडद्याची जागाही बदलली. टीव्ही पायांच्या दिशेला, उंचावर असे. मोबाइल चटईशेजारी जमिनीवर येतो, आणि उताणं असताना उचललेलं डोकं त्याच्याकडे वळतं. भार घेतलेली मान वळवणं हे मानदुखीचं सरळ कारण आहे. पडदा पावलांपलीकडे, खुर्चीच्या उंचीवर ठेवावा. व्यायाम एकदा नुसता पाहावा आणि करताना फक्त ऐकावा. चटईचंही तसंच. योगासनांची ४ ते ६ मिलिमीटरची चटई लोळण्याच्या व्यायामांना पातळ पडते, मणक्यांची टोकं जमिनीला लागतात. १० ते १५ मिलिमीटरची घ्यावी, नाहीतर दुमडलेली सतरंजी खाली घालावी.

अलीकडचा प्रकार भिंतीचा. २०२३ च्या सुमारास 'वॉल पिलाटेस' २८ दिवसांच्या तक्त्यांसह सगळीकडे पसरलं. जुन्या ३४ व्यायामांत भिंत नाही, म्हणून काही जण त्याला पिलाटेस म्हणायला तयार नाहीत. २००० च्या निकालानंतर त्यांचं म्हणणं चालत नाही, आणि व्यायाम म्हणून पाहिलं तर भिंतीने एक जुनी उणीव थोडी भरून काढली आहे. पावलं भिंतीला टेकली की पायांचा काही भार भिंत घेते, रिफॉर्मरच्या आडव्या दांडीसारखा. स्प्रिंगची ओढ तिच्यात अर्थातच नाही. अंतर चुकलं की मात्र सगळं फसतं. उताणं झोपून पावलं भिंतीवर ठेवल्यावर खुबा आणि गुडघा दोन्ही काटकोनात हवेत. बूड लांब राहिलं तर गुडघे सरळ होतात आणि कंबर उचलताना पावलं खाली घसरतात. मोजे घातले असतील तर हमखास.