२१३ मीटरची 'विक्रांत' आणि तिची वाफ

गोव्यातल्या दाबोळी विमानतळाची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. पहिली विमानवाहू नौका 'आयएनएस विक्रांत' एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २१३ मीटर होती. डिसेंबर १९६१मध्ये गोवामुक्तीच्या वेळी ती इथल्याच समुद्रात गस्तीवर होती. एवढ्याशा डेकवर जेट विमान चढे-उतरे कसे, हे बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात तिच्यावरच्या 'सी हॉक' या जेट विमानाच्या शेपटीखाली वाकून पाहिले की निम्मे उलगडते. तिथे पोलादी हूक आहे. डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एक त्यात अडकली की विमान थांबे. पंखांना बिजागऱ्या आहेत. ते दुमडले की सुमारे १२ मीटरची रुंदी ४ मीटरवर येते आणि विमान लिफ्टने खालच्या हँगरमध्ये जाते.

उरलेले निम्मे वाऱ्यात आणि वाफेत आहे. पंखाला जमिनीचा वेग कळत नाही, कळतो तो हवेचा. म्हणून विमाने सोडताना नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून पूर्ण वेगात धावते. नौकेचे २४ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि समोरचा वारा १० नॉट म्हणजे उभ्या विमानालाही ३४ नॉट फुकट मिळाले. पुढचा धक्का कॅटापुल्ट देई : डेकखालच्या सिलिंडरांमधले पिस्टन वाफेच्या दाबाने सुटत आणि पोटाखाली अडकवलेल्या पोलादी दोराने विमानाला ओढून नेत.

मेख इथेच होती. चार बॉयलर, त्यांच्यावर मिळून ४०,००० अश्वशक्तीच्या दोन टर्बाइन, आणि त्याच वाफेत कॅटापुल्टचाही वाटा. टर्बाइनमधली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी बनते आणि बॉयलरकडे परतते. कॅटापुल्टची वाफ मात्र हवेत जाते. तेवढे पाणी समुद्राच्या पाण्यातून ऊर्ध्वपातनाने नव्याने तयार करावे लागते, आणि त्यात जराही क्षार राहिला तर नळ्यांत पापुद्रा धरतो, धातू गंजतो.

१९७०मध्ये बॉयलरच्या ड्रमना तडे गेलेले सापडले, वेल्डिंगने न सांधणारे. १९७१च्या युद्धाला नौका तीन बॉयलरवर, उतरलेल्या वेगाने निघाली. याचा अर्थ नुसता 'उशिरा पोहोचणे' एवढाच नाही. समजा विमान १०५ नॉटने उतरते आहे. डेकवर ३० नॉट वारा असेल तर तारेला ७५ नॉटचा वेग थोपवायचा असतो, वारा १५वर आला की ९०चा. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे भार ४४ टक्क्यांनी जास्त. चढताना हाच तुटवडा इंधन किंवा बॉम्ब कमी करून भरावा लागतो. तरीही ४ डिसेंबरला तिची सी हॉक विमाने पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर झेपावली. त्यामागे वैमानिकांइतकाच बॉयलरखोलीतल्या माणसांचा वाटा आहे, असे आम्ही ठामपणे म्हणू.

मुळात हे जहाज एवढे टिकण्यासाठी बांधलेच नव्हते. १९४३मध्ये इंग्लंडमध्ये काम सुरू झाले तेव्हा युद्धापुरती, झटपट उभी राहणारी हलकी नौका हवी होती : सांगाडा व्यापारी जहाजांच्या धर्तीचा, चिलखत जवळजवळ नाही. काटकसरीत एक शहाणपण मात्र राखले होते. यंत्रखोल्या दोन्ही बाजूंना पुढे-मागे ठेवल्या, म्हणजे एका टॉर्पेडोने दोन्ही पंखे थांबू नयेत. भारतीय नौदलात ती १९६१पासून ३१ जानेवारी १९९७पर्यंत, जवळजवळ ३६ वर्षे राहिली.

अखेरच्या दशकात कॅटापुल्ट काढून डेकच्या पुढच्या टोकाला ९.७५ अंशांचा चढ बसवला. चढावरून सुटलेले विमान पुरेसा वेग नसतानाही आधी वर फेकले जाते, आणि खाली येऊ लागण्याआधीच्या काही सेकंदांत उरलेला वेग गाठते. संग्रहालयातल्या 'सी हॅरिअर' या नंतरच्या विमानाच्या शेपटीखाली हूक शोधाल तर सापडणार नाही. इंजिनाच्या झोताची तोटी खाली वळवून ते उभेच उतरे.

तारा मात्र परत आल्या आहेत. दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावर जमिनीवरच चढ आणि अडकतारा उभारल्या आहेत. तिथेच १३ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलाच्या 'तेजस'ने पहिल्यांदा हूक तारेत अडकवून उतरून दाखवले.