पिशव्या कोण सांभाळणार? थीम पार्कच्या सुट्टीवरून होणाऱ्या भांडणाची जुनी गोष्ट

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरात पोरगं अडीच वर्षांचं झालं की कोणीतरी विचारतंच, "डिस्नीला नेऊन आणलं का? तीनच्या आत तिकीट लागत नाही बरं का!" आणि तिथून जे सुरू होतं ते पोर कॉलेजला जाईपर्यंत संपत नाही. एक पार्टी म्हणते मुलांचं लहानपण परत येत नाही, दुसरी म्हणते तेवढ्या पैशात भारताची तिकिटं होतात, आजी-आजोबा तरी भेटतील, उन्हात रांगेत उभं राहायला फ्लोरिडाला कशाला जायचं. आणि तिसरा एक प्रकार असतो, पस्तिशी-चाळिशीतलं जोडपं, बरोबर मूल नाही, डोक्यावर मिकीचे कान लावून दरवर्षी जातात, त्यांना लोक नाक मुरडून 'डिस्नी अ‍ॅडल्ट' म्हणतात. मला या तिघांचंही थोडं थोडं पटतं, त्यामुळे कोण बरोबर ते मी सांगणार नाहीये. पण हे भांडण इन्स्टाग्रामच्या जमान्यातलं आहे असं वाटत असेल तर तसं नाही, ते डिस्नीलँड बांधायच्या आधीपासूनचं आहे, आणि त्याची सुरुवात एका बाकड्यावर झाली.

ते बाकडं लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधलं. वॉल्ट डिस्नी सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना, डायान आणि शॅरनला, तिथल्या मेरी-गो-राउंडवर घेऊन जायचा. पोरी लाकडी घोड्यांवर गोल गोल फिरणार आणि हा बाकड्यावर शेंगदाणे खात बसणार. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी, हे तिथे डोक्यात आलं असं त्याने स्वतःच पुढे मुलाखतीत सांगितलंय. आता धंदेवाईक माणसाने सांगितलेली गोष्ट आहे, थोडं मीठमसाला असणारच, पण मुद्दा बघा, सगळ्याची सुरुवात मुलांच्या हट्टातून नाही झाली, कंटाळलेल्या बापातून झाली.

त्याच्या आधीचे पार्क मुलांसाठी होते असं आपण धरून चालतो, तेही खरं नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ बाक्केन म्हणून आहे, त्याची सुरुवात १५८३ ची सांगतात, लोक तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायला जमायचे आणि गर्दी आली की मागोमाग खेळवाले, गाणारे, विकणारे आलेच. थोडक्यात आपली जत्राच. त्याच शहरातलं तिवोली १८४३ चं, बाग, बँड, दिवे, खाणंपिणं, मोठ्यांनी संध्याकाळी नटून जायची जागा. १९५१ साली वॉल्ट डिस्नी ते बघून आला आणि तिथली स्वच्छता त्याच्या डोक्यात बसली. मग १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन, जिथे जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरने २६४ फुटांचं पहिलं अवाढव्य आकाशपाळण्याचं चाक उभं केलं, एकदा बसायला ५० सेंट. त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर सुतारकाम करणाऱ्यांत वॉल्टचा बाप एलायस होता, हे मला फार आवडतं.

आणि मग कोनी आयलंड. न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी १८९५ ला कुंपण घालून गेटवर पैसे घेणारा पहिला पार्क निघाला, १८९७ ला स्टीपलचेस, १९०३ ला लूना पार्क, १९०४ ला ड्रीमलँड, जो १९११ ला जळून खाक झाला. तिथे कोण जायचं? कारखान्यात, दुकानात राबणारी तरुण पोरंपोरी, आठवड्यातला एक दिवस सुट्टी. पाळणे पण असे की वळणावर एकमेकांच्या अंगावर पडायला व्हावं, आणि ते चुकून नव्हतं, तसेच बनवलेले होते. मुलांबिलांचं काही नाही. १९०६ ला रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की अमेरिकेत आला होता, त्याने कोनी आयलंड बघून लेख लिहिला त्याचं नावच 'कंटाळा' अशा अर्थाचं होतं. दिव्यांचा झगमगाट लांबून बघताना तो भारावला आणि आत गेल्यावर वैतागला. म्हणजे 'लोक यात काय बघतात' हा सूर जवळजवळ सव्वाशे वर्षांचा आहे, तुमच्या मेहुण्याने लावलेला शोध नाही.

वॉल्टने १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नीलँड काढून जे केलं ते कोनी आयलंडच्या बरोबर उलट होतं. ॲनाहाइममध्ये १६० एकर संत्र्याच्या बागा घेतल्या, कुठे जागा घ्यायची हे स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडून अभ्यास करून घेऊन ठरवलं, कारण नवा हायवे तिथून जाणार होता. सगळीकडून मातीचा बांध, बाहेरचं जग दिसायला नको. आत यायला एकच दार. दारू नाही. पैसे कमी पडले तर एबीसी टीव्हीशी सौदा केला, त्यांनी पार्कात पैसे घालायचे आणि त्याने त्यांना कार्यक्रम द्यायचा, म्हणजे देशभरातली मुलं आठ-नऊ महिने आधीपासून टीव्हीवर पार्कची जाहिरातच बघत होती आणि घरोघरी बापांचं डोकं खात होती. ही युक्ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण सुट्टीचा निर्णय कोण घेतो तेच तिने बदललं.

उद्घाटन १७ जुलै १९५५ ला, फजितीच झाली. नकली पास घेऊन माणसं घुसली, मरणाचं ऊन, ताजं डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा रुतायला लागल्या, प्लंबरांच्या संपामुळे संडास चालू करायचे की पिण्याच्या पाण्याचे नळ यातलं एकच शक्य होतं आणि वॉल्टने संडास निवडले. (टीव्हीवर हे सगळं लाइव्ह दाखवणाऱ्या तीन निवेदकांत एक रोनाल्ड रेगन होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच.) तरी दोन महिन्यांच्या आतच दहा लाख माणूस येऊन गेलं.

आता खरी गंमत. १९५८ मध्ये 'द नेशन' नावाच्या साप्ताहिकात ज्युलियन हॅलेवी नावाच्या लेखकाने डिस्नीलँड आणि लास वेगास यांना एकाच माळेत ओवलं. त्याचं म्हणणं, दोन्हीकडे माणसं रिकाम्या आयुष्यातून पळ काढायला येतात, आणि इथे तर अख्खं जग, इतिहास, माणसाची धडपड सगळं स्वस्त ठोकळ्यांत बसवून विकायला ठेवलंय. त्यावर चिडून पत्र कोणी लिहावं? रे ब्रॅडबरीने, विज्ञानकथा लिहिणारा तोच. त्याने कबूल केलं की बुद्धिवादी मित्र नाकं मुरडतात म्हणून मीही जायचं टाळलं होतं, मग चार्ल्स लॉटन या नटाबरोबर गेलो आणि पोटभर मजा केली. लक्षात घ्या, दोघंही मोठी माणसं, लॉटनची तर तेव्हा पन्नाशी उलटलेली, बरोबर एकही पोर नाही. म्हणजे 'डिस्नी अ‍ॅडल्ट' आणि त्याला हसणारा, दोघंही १९५८ सालीच छापून आलेत, तेव्हा फक्त नाव नव्हतं. आणि १९६३ मध्ये जेम्स राउस या बिल्डरने हार्वर्डमध्ये भाषण करताना सांगितलं की अमेरिकेतलं शहररचनेचं सगळ्यात उत्तम काम म्हणजे डिस्नीलँड. बसलेल्या आर्किटेक्ट लोकांचे चेहरे बघायला पाहिजे होते.

पण हे झालं विचारवंतांचं भांडण. घरातलं भांडण पैशाचं आहे, आणि त्याचा इतिहास वेगळा.

सुरुवातीला डिस्नीलँडमध्ये जत्रेसारखाच हिशोब होता. गेटवर मोठ्यांना एक डॉलर, मुलांना पन्नास सेंट, आणि आत प्रत्येक पाळण्याचे वेगळे. मग कूपनची पुस्तकं आली, ए, बी, सी करत १९५९ ला ई पर्यंत गेली, ई म्हणजे सगळ्यात भारी राइड. हा शब्द इतका रुळला की १९८३ ला अमेरिकन अंतराळवीर सॅली राइड अंतराळात गेली तेव्हा तिने शटलचं वर्णनच ई तिकीट असं केलं. अर्थशास्त्रवाल्यांनाही हा प्रकार इतका आवडला की १९७१ मध्ये वॉल्टर ओय नावाच्या प्राध्यापकाने गेटचे जास्त घ्यावेत की राइडचे, यावर अख्खा शोधनिबंध लिहिला आणि तो अजून शिकवतात. या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती, पिशव्या सांभाळणाऱ्या माणसाला राइडचे पैसे पडत नव्हते. आजी गेटचे पैसे भरून आत यायची, बसायची, नातवंडांना बघायची, संपलं.

१९८२ ला कूपनं गेली, एकच तिकीट, आत हवं तेवढं खेळा. ऐकायला छान, पण आता बसणाऱ्या आजीलाही धावणाऱ्या नातवाएवढेच पैसे, उलट थोडे जास्तच, कारण मुलांचं तिकीट नऊ वर्षांपर्यंतच, दहाव्या वर्षी पोरगं त्यांच्या लेखी अ‍ॅडल्ट. आणि एकदा दिवसाचे पैसे भरले की माणसाच्या डोक्यात वसुलीचं भूत शिरतं. सकाळी सातला गेटवर, रात्री फटाके बघूनच बाहेर, मधे पोरगं रडतंय तरी 'चल अजून दोन राइड राहिल्यात'. थीम पार्कमध्ये घरचे लोक एकमेकांवर जे खेकसतात त्याचं निम्मं मूळ या एका तिकिटात आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग राहिली रांग. रांग कंटाळवाणी होती पण सगळ्यांना सारखी होती. १९९९ ला फास्टपास आला, फुकट, यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि दिलेल्या वेळी यायचं. नंतर तो फोनवर गेला, फ्लोरिडात महिनाभर आधी बुकिंग, त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्यांना दोन महिने आधी, म्हणजे सुट्टीचं एक्सेल शीट करणारी एक व्यक्ती घरात तयार झाली आणि बाकीचे तिच्या मागे फरपटायला लागले. कोव्हिडमध्ये पार्क बंद पडले, उघडल्यावर २०२१ पासून रांग टाळून पुढे जायचे पैसे सुरू, आणि २०२४ च्या अखेरीस फ्लोरिडात असा पास काढला की कुठल्याही वेळी सरळ पुढे, गर्दीच्या दिवसात माणशी ४४९ डॉलरपर्यंत, पार्कचं तिकीट वेगळं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सगळ्यात महागड्या दिवसाचं एका दिवसाचं साधं तिकीट २०६ डॉलर झालं. आपल्याला हे समजवायला लागत नाही, तिरुपतीचं तीनशे रुपयांचं दर्शन आणि धर्मदर्शनाची रांग ज्याने पाहिलीये त्याला शेजारून सरसर पुढे जाणारी माणसं बघून पोटात काय होतं ते माहितीये. फरक एवढाच की तिथे पोरगं विचारत नाही, "बाबा, आपण त्या लाइनमध्ये का नाही?"

अमेरिकेत हे जास्त टोचतं त्याला अजून एक कारण आहे, पगारी सुट्टी द्यायलाच पाहिजे असा तिथे देशपातळीवर कायदाच नाही. कंपनी देईल ती सुट्टी, बऱ्याच जणांना वर्षाला दहा-पंधरा दिवस. त्यातले सहा दिवस फ्लोरिडात ऑर्लँडोच्या डिस्नीला गेले तर ग्रँड कॅन्यन पुढच्या वर्षी, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत पुणे-नाशिक-कोल्हापूर त्याच्याही पुढच्या वर्षी. म्हणून नवरा-बायकोत जी वादावादी होते ती मिकी माउसवरून नसतेच, दिवसांच्या हिशोबावरून असते.

फ्रान्सबद्दल लांबवत नाही. १९९२ ला पॅरिसजवळ डिस्नीचा पार्क उघडला, नाटकवाल्या आरियान म्नूश्किनने त्याला सांस्कृतिक चेर्नोबिल म्हटलं, जेवणाबरोबर वाइन मिळत नाही म्हणून लोक वैतागले, १९९३ ला शेवटी वाइन सुरू केली. तत्त्वाचं भांडण टिकलं नाही, जेवणाचं जिंकलं.

आणि मोठ्यांना बोलावलं कोणी? कंपनीनेच. फ्लोरिडातलं डिस्नीचंच १९८२ चं एपकॉट पार्क मुद्दाम मोठ्यांसाठी, सुरुवातीला तर मिकी-मिनीलाही तिथे मज्जाव होता आणि दारू मात्र होती. वार्षिक पास आले, १९९१ पासून पार्कात लग्नं लावायला लागले, नव्वदच्या दशकातच खाण्यापिण्याचा आणि वाइनचा महोत्सव. पन्नास-साठच्या दशकात ज्यांना टीव्हीवरून चटक लावली ती मुलं आता आजी-आजोबा झालीत, त्यांची मुलं पासवाली. इतकी वर्षं मोठ्यांना आमंत्रणं पाठवायची आणि ते आले की बाकीच्यांनी हसायचं, हे मला जरा अन्यायाचं वाटतं. हां, लहान मुलाला धक्का देऊन परेडसाठी पुढची जागा पकडणाऱ्या चाळिशीच्या बाप्याबद्दल माझं वेगळं मत आहे.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि वेगळ्या वाटेने आलं. १९८९ ला गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं, माझ्या पिढीला ते शाळेच्या सहलीचं ठिकाण, लाँचमधून जायचं, उलट्या करत यायचं, आईबाप बरोबर नसायचेच त्यामुळे भांडण नव्हतं. २०१३ ला खोपोलीजवळ इमॅजिका आलं तेव्हा मुंबई-पुण्याहून सहकुटुंब गाडी काढून जाणं सुरू झालं, आणि लगेच तेच वाद, एवढ्या पैशात दोन दिवस कोकणात झाले असते वगैरे. टूर कंपन्यांबरोबर अमेरिकेला जाणाऱ्या काका-काकूंच्या कार्यक्रमात ऑर्लँडोचा मुक्काम हमखास असतो, तिथे त्यांना कोणी विचारत नाही पाळण्यात बसणार का म्हणून.

मागे आम्ही सासू-सासऱ्यांना ऑर्लँडोच्याच एका पार्कात घेऊन गेलो होतो. सासूबाई दोन राइडमध्ये बसल्या आणि दुसरीनंतर नातवाला म्हणाल्या आता तू जा. सासरे कशातच बसले नाहीत. सावलीतलं एक बाकडं बघून आमच्या चार पिशव्या, दशम्यांचा डबा आणि नातवाचं जॅकेट घेऊन बसले ते चार तास. मला आपलं डोक्यात फुल तिकिटाचे पैसे. परत आलो तर शेजारी राजकोटचे एक आजोबा, त्यांच्याही मांडीवर पिशव्या, दोघांचं छान जमलं होतं आणि दशम्या संपल्या होत्या.