व्हीसेंटर एकाच मशीनवर की वेगवेगळ्या, हा घोळ आला कुठून

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत, कॉलेजच्या लॅबमध्ये, निपाणी-चिकोडीकडच्या पतसंस्थांत दोन-तीन सर्व्हरवर ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) टाकून काम चालवणं आता काही नवीन नाही. पण व्हीसेंटर, म्हणजे हे सगळे सर्व्हर एका जागेवरनं सांभाळायचं सॉफ्टवेअर, बसवायची वेळ आली की कुणीतरी जुनी पीडीएफ काढतंय, त्यात पीएससी (लॉगिन तपासणारा भाग) वेगळा, डेटाबेस वेगळा, मध्ये लोड बॅलन्सर (येणारं काम मशीनमध्ये वाटून देणारा), आणि दोन होस्टवाला, म्हणजे ईएसएक्सआयचे दोनच सर्व्हर असलेला, माणूस पण तसंच करायला बसतो. ते चित्र खोटं नव्हे, पण ते एका ठराविक काळातलं आहे.

व्हीएमवेअर १९९८ ची कंपनी. ईएसएक्स सर्व्हर, म्हणजे ईएसएक्सआयचा आधीचा अवतार, २००१ मध्ये आला, तेव्हा प्रत्येक होस्ट सुटा सांभाळायचा. २००३ मध्ये व्हर्च्युअलसेंटर, म्हणजे आताचं व्हीसेंटर, आलं आणि त्याच्याबरोबर व्हीमोशन, म्हणजे चालू व्हीएम बंद न करता एका होस्टवरनं दुसऱ्यावर न्यायची सोय. एक विंडोज सर्व्हर आणि मागं एसक्यूएल किंवा ओरॅकल डेटाबेस, एवढाच पसारा. वाद असलाच तर हे विंडोज फिजिकल मशीनवर ठेवायचं की व्हीएममध्ये, एवढाच.

२०११ मध्ये व्हीस्फिअर ५ (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटर मिळून होणारा संच) बरोबर तयार अप्लायन्स, म्हणजे व्हीसेंटर आत घालूनच मिळणारा व्हीएम, आलं, आत सुसे लिनक्स. आतल्या डेटाबेसची मर्यादा ५ होस्ट आणि ५० व्हीएम, आमच्याकडच्या बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरलं असतं की, पण अपडेट मॅनेजरला (होस्टवर अपडेट टाकणारं टूल) तरी विंडोज लागायचंच, मग लोक म्हणायचे दोन-दोन कशाला, सगळंच विंडोजवर टाका.

खरा गुंता २०१२ चा. ५.१ मध्ये सिंगल साइन-ऑन आलं, म्हणजे लॉगिन तपासायचं काम व्हीसेंटरमधनं काढून वेगळ्या सर्व्हिसकडं दिलं. ते इतकं त्रासाचं निघालं की २०१३ च्या ५.५ मध्ये नव्यानं लिहावं लागलं. मग २०१५ मध्ये ६.० आलं आणि साइन-ऑन, लायसन्स, सर्टिफिकेट हे सगळं प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस कंट्रोलर, म्हणजे पीएससी नावाच्या भागात बांधलं. हा पीएससी व्हीसेंटरच्या पोटात ठेवायचा किंवा बाहेर वेगळ्या मशीनवर. आणि अट अशी की दोन व्हीसेंटर एका लॉगिनमध्ये बघायचे असतील, म्हणजे एन्हान्स्ड लिंक्ड मोड पाहिजे असेल, तर पीएससी बाहेरच पाहिजे. मग तो एक पीएससी पडला तर कुणालाच लॉगिन होत नाही, म्हणून दुसरा पीएससी, आणि दोघांच्या पुढं लोड बॅलन्सर. पीडीएफमधलं चित्र ते हेच. चूल वेगळी मांडली ती एका अटीपायी.

ती अट २०१८ मध्ये गेली. ६.७ आणि ६.५ अपडेट २ पासनं पीएससी पोटात ठेवून पण लिंक्ड मोड चालायला लागला, त्याच वर्षी बाहेरचा पीएससी परत आत घ्यायचं टूलही आलं, आणि २०२० च्या ७.० मध्ये विंडोजवरचं व्हीसेंटर आणि बाहेरचा पीएससी दोन्ही बंद. आता एकच अप्लायन्स, आत फोटॉन ओएस (व्हीएमवेअरचं स्वतःचं लिनक्स) आणि पोस्टग्रेस डेटाबेस. सगळ्यात लहान टायनी साइज १० होस्ट आणि १०० व्हीएमपर्यंत चालते.

म्हणजे आज निवडायचं काय उरलं? मशीन किती हा प्रश्न गेला, व्हीसेंटर कुठं ठेवायचं हा राहिला. निपाणीच्या शाखेत एक होस्ट असला तर तिथं वेगळं व्हीसेंटर लागत नाही, लिंक बरी असेल तर बेळगावचंच चालतंय. लिंक तुटली तरी तिथल्या व्हीएम चालूच राहतात, फक्त इथनं दिसत नाहीत. व्हीसेंटर बंद पडलं म्हणजे सगळं बंद, असं समजणारे अजून भेटतात. तसं नसतंय. क्लस्टर, म्हणजे होस्टचा एकत्र गट, लावलेला असेल तर होस्ट पडल्यावर व्हीएम दुसरीकडं उठवायचं एचएचं काम होस्टवरचे एजंट आपापसात करतात, व्हीसेंटर फक्त ते सेट करून देतं. व्हीमोशन आणि डीआरएस (होस्टमध्ये व्हीएमचा भार आपोआप वाटून देणं) मात्र थांबतात.

पावसाळ्यात लाईट जाऊन यूपीएस पण संपला की मात्र खरी परीक्षा. व्हीसेंटर त्याच क्लस्टरवर व्हीएम म्हणून, आणि डीएनएस सर्व्हर (नावावरनं आयपी पत्ता सांगणारा) पण तिथलाच व्हीएम. लाईट आल्यावर होस्ट उठतात पण व्हीसेंटरला स्वतःचं नाव डीएनएसमधनं मिळत नाही, सर्व्हिसेस अडकतात, लॉगिनचं पान येत नाही. तेव्हा ब्राउझरमध्ये होस्टचा आयपी टाकायचा, रूटनं, म्हणजे होस्टच्या मुख्य अॅडमिन खात्यानं, थेट होस्टवर शिरायचं, आधी डीएनएसचा व्हीएम चालू करायचा, मग व्हीसेंटरचा. कुठला व्हीएम कुठल्या होस्टवर आहे हे कागदावर लिहून रॅकला चिकटवलेलं असलं तर दहा मिनिटांचं काम, नसलं तर एकेका होस्टवर जाऊन शोधत बसा.

६.५ पासनं व्हीसेंटर एचए, म्हणजे व्हीसेंटरचीच राखीव प्रत तयार ठेवायची सोय, पण मिळतं, अॅक्टिव्ह, पॅसिव्ह आणि विटनेस (एक चालू, एक राखीव, एक साक्षीदार) असे तीन नोड. दोन होस्टवर ते करायचं म्हणजे माझ्या मते हौसच, तिन्ही नोडना वेगवेगळे होस्ट पाहिजेत. त्यापेक्षा अप्लायन्सच्या सेटिंगमधनं रोजचा फाइल बॅकअप दुसऱ्या मशीनवर लावा, त्यातनं नवीन व्हीसेंटर उभं करता येतंय.

६.५ आणि ६.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२२ मध्येच संपला. कुणाकडं अजून विंडोजवर बाहेरच्या पीएससीसकट ६.७ चालू असेल तर ७.० वर जातानाच ते अप्लायन्समध्ये येतं आणि पीएससी पण आत जातो. त्याआधी होस्टची व्हर्जन बघा, ६.५ च्या खालचा होस्ट व्हीसेंटर ७ जोडून घेत नाही.