पंच्याहत्तर सेकंद, पंधरा सेकंद: गोव्यातून लष्करी अधिकारी होण्याच्या तयारीची पार्श्वभूमी

अकरावीचे वर्ग सुरू झाले की दोन-चार पालक हमखास गाठतात. प्रश्न ठरलेला असतो: "सर, एनडीएचा क्लास कुठे चांगला?" मुलगा गणितात बरा आहे, धावतोही बरा, मग आणखी काय लागतं, असा भाव. मी त्यांना एकच आकडा सांगतो. एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी; तिच्या निवडीत एकूण गुण १८००. त्यातले ९०० लेखी परीक्षेचे आणि उरलेले ९०० एसएसबी म्हणजे सेवा निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीचे. पहिल्या नऊशेंसाठी घरोघरी दोन वर्षं घासाघीस चालते. दुसऱ्या नऊशेंसाठी पंधरा दिवसांचा क्लास, तोही लेखी परीक्षेचा निकाल लागल्यावर. ही विभागणी कुठून आली हे कळलं, तर तयारीचं वेळापत्रक आपोआप बदलतं.

गणिताचं मूळ आपल्याच दाराशी सापडतं. १८१७ साली पोर्तुगीजांनी गोव्यात लष्करी अकादमी काढली. १८४१ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती 'गणित व लष्करी शाळा' झाली. नावात गणित आधी, लष्कर मागाहून. यात नवल नाही. तोफेचा पल्ला काढायचा, तट बांधायचा, जमीन मोजायची, तर भूमिती आलीच. त्या काळात अधिकारी आणि साधा शिपाई यांच्यातला एक फरक म्हणजे हे गणित. दुसरा फरक जन्माचा. गोव्याच्या फौजेतल्या अधिकारपदांवर 'देसेन्देन्त' म्हणजे इथे स्थायिक झालेल्या पोर्तुगीज घराण्यांतल्या लोकांचं वर्चस्व होतं. डिचोली-सत्तरीतल्या मराठी घरांतली मुलं त्या वाटेला गेली नाहीत. सत्तरीचे राणे बंदूक धरत ती बहुधा त्याच फौजेच्या विरुद्ध. १८७१ मध्ये गोव्याची फौज बंडाळीमुळे मोडीत निघाली आणि तिच्याबरोबर ही शाळाही संपली. त्यानंतर १९६१ च्या मुक्तीपर्यंत गोव्यात बसून अधिकारी व्हायची तयारी करणं हा विषयच उरला नाही. आजही आपल्याकडे 'आमच्या घरात कुणी सैन्यात नाही' हे वाक्य इतक्या सहज येतं, त्यामागे ही नव्वद वर्षं असावीत असं मला वाटतं.

घाटापलीकडे ब्रिटिश हद्दीत वेगळी गोष्ट चालली होती. १९१८ पासून हिंदी तरुणांसाठी इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. दहा जागांसाठी मुलगा कुठल्या घराण्यातला हे आधी पाहिलं जाई. तिथे जाणाऱ्या मुलांची पूर्वतयारी व्हावी म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला मिलिटरी कॉलेज निघालं. म्हणजे 'तयारीची शाळा' ही कल्पना शंभर वर्षांची आहे, आजच्या क्लासवाल्यांनी शोधलेली नव्हे. मग सैन्यात हिंदी अधिकारी वाढवण्याचा विचार करणारी स्कीन समिती झाली, आणि १९३२ मध्ये डेहराडूनलाच इंडियन मिलिटरी अकादमी उघडली. पहिल्या तुकडीत चाळीस जण. त्यांतले एक सॅम माणेकशॉ. गोव्यात राहणारी माणसं पोर्तुगालची प्रजा, त्यांना हे दार बंद. मुंबईच्या गोवेकरांची गोष्ट निराळी. पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज मूळचे गोवेकर, पण जन्म मुंबईचा आणि शिक्षणही तिथलंच. १९४९ मध्ये ते जॉइंट सर्व्हिसेस विंगमध्ये, म्हणजे एनडीएच्या आधीच्या तिन्ही दलांच्या एकत्रित प्रशिक्षण शाळेत दाखल झाले, तेव्हा गोव्यावर अजून पोर्तुगीज निशाण होतं.

आता दुसरे नऊशे. त्यांचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला, आणि तो एका फजितीतून झाला. ब्रिटिश सैन्य झपाट्याने वाढत होतं, अधिकारी हजारोंनी लागत होते. निवडीची जुनी तऱ्हा अशी, की वीसेक मिनिटं गप्पा मारायच्या, कुठल्या शाळेत शिकलास, वडील काय करतात, कुठले खेळ खेळतोस हे विचारायचं, की झालं. अशी 'चांगल्या घरची' मुलं प्रशिक्षणातून मोठ्या संख्येने परत पाठवावी लागू लागली. काही तर मनाने खचली. तेव्हा १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञांना बसवून नवी निवड मंडळं तयार झाली. जर्मन सैन्यात अशा चाचण्या आधीपासून होत्या, त्यांचाही अभ्यास झाला होता. विल्फ्रेड बायन या डॉक्टरने एक साधी युक्ती काढली. आठ-दहा जणांना एक काम द्यायचं, पण त्यांच्यात पुढारी नेमायचा नाही. मग बाजूला उभं राहून बघायचं. कोण ओरडतो, कोण ऐकतो, कोण दमलेल्याच्या हातातली फळी आपण घेतो. आज भोपाळच्या एसएसबी केंद्राच्या मैदानावर जीटीओ, म्हणजे गटचाचणी घेणारे अधिकारी, हातात पॅड घेऊन उभे असतात ते हेच बघत असतात.

१९४३ मध्ये हीच पद्धत डेहराडूनला आली आणि भारतीय सैन्यात रुजली. तपशील पुढे बदलत गेले, सांगाडा तोच राहिला. तीन जण उमेदवाराला वेगवेगळं तपासतात. मानसशास्त्रज्ञ त्याचं लेखन वाचतो, प्रत्यक्ष भेटत नाही. मुलाखत घेणारा अधिकारी बोलणं ऐकतो. जीटीओ कृती पाहतो. एसएसबीच्या जगात याला 'मनसा, वाचा, कर्मणा' म्हणतात, आणि मराठी मुलाला हे तीन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. तिघांना तीन वेगळी माणसं दिसली तर पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये ते उघडं पडतं. पाठ केलेला मुलगा नेमका इथे अडकतो: लिहिताना शूर, बोलताना नम्र आणि मैदानावर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणारा.

स्वातंत्र्यानंतरचा भाग भरभर सांगतो. जानेवारी १९४९ मध्ये डेहराडूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग सुरू झाली. त्याच वर्षी खडकवासल्याला पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली, आणि जानेवारी १९५५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं उद्घाटन झालं. जून १९६१ मध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, अधिकाऱ्यांचा तुटवडा जाणवला आणि १९६३ मध्ये मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडलं. गोव्यातल्या मुलाच्या दृष्टीने बघा: दोन-तीन वर्षांत सगळी दारं एकदम उघडली, पण दारापर्यंत जायला पाय हवेत ना! तेव्हा गावोगावी भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारच्या मराठी प्राथमिक शाळा नुकत्या उभ्या राहत होत्या. धेंपे आणि चौगुले ही पहिली कॉलेजं १९६२ ची. आधी अक्षर, मग पदवी, मग नोकरी, अशी ती पिढी चढत गेली. तिने सरकारी खातं पाहिलं, बँक पाहिली, आखात पाहिलं.

यातला विचित्र भाग असा, की नौदल तर आपल्या अंगणातच होतं. १९६४ पासून दाबोळीला हंसा तळ. १९८६ मध्ये नेव्हल अकादमी कोचीहून पणजीसमोरच्या वेरेंला, आयएनएस मांडवी या नौदल तळावर आली आणि २००९ मध्ये केरळात एळिमलेला जाईपर्यंत तिथेच होती. मी कॉलेजला असताना बेतीच्या फेरीबोटीतून मांडवीत वल्ही मारणारे कॅडेट दिसायचे. एका लयीत पाठी वाकायच्या, मागे बसलेला एक जण आकडे मोजायचा. आम्ही कठड्याला टेकून बघायचो आणि पणजीला उतरून लेक्चरला जायचो. ही मुलं कुठून येतात, कुठली परीक्षा देतात, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. नदीची रुंदी अर्धा किलोमीटर असेल नसेल.

शाळेच्या वयात तयारी हवी असेल तर वाट घाट चढूनच जाई, आणि ती वाट एका गाडीत बसून बघता येते. वास्कोहून गोवा एक्सप्रेस सुटते. बेळगावात १९४५ पासूनची मिलिटरी स्कूल आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. पुढे सातारा, सैनिक शाळेचं गाव. मग पुणे, म्हणजे खडकवासला. आणि दुसऱ्या दिवशी भोपाळ, जिथे एसएसबी केंद्र आहे. आमची मुलं या रुळावर सहसा शेवटच्या स्टेशनसाठीच चढतात. मधल्या स्टेशनांवर इतरांनी सात-सात वर्षं काढलेली असतात.

लेखी परीक्षेचं गणित मात्र कुणालाही घरी बसून जमण्यासारखं आहे, एक खड्डा टाळला तर. गणिताच्या पेपरात अडीच तासांत १२० प्रश्न, म्हणजे एकाला पंच्याहत्तर सेकंद, आणि चुकलं की एक तृतीयांश गुण कापले जातात. भूदलासाठी बारावीला कुठलीही शाखा चालते. हे वाचून कला-वाणिज्यची मुलं हुरळून अर्ज भरतात. पण पेपर सगळ्यांना एकच, त्यात त्रिकोणमिती, कलन, सारणिक, सदिश सगळं बारावीच्या पातळीचं. दहावीला गणिताची सुटका झाली म्हणून पेढे वाटलेला मुलगा पणजीच्या केंद्रावर अर्ध्या तासात पेन खाली ठेवतो. अशांना मी सरळ सांगतो की पदवी करा, एनसीसीचं सी प्रमाणपत्र मिळवा. त्या वाटेने लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला बोलावणं येतं. सीडीएस या पदवीधरांच्या संरक्षण सेवा परीक्षेतही चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी गणिताचा पेपर नसतो.

पंच्याहत्तर सेकंदांची सवय सहा महिन्यांत लागते. पंधरा सेकंदांची लागायला फार वेळ जातो. एसएसबीत शब्द दाखवतात, एकूण साठ, आणि प्रत्येकावर पंधरा सेकंदांत एक वाक्य लिहायचं. आमच्या मुलांचं असं: घरात कोकणी, पाढे मराठीत पाठ, पाचवीपासून इंग्रजी. 'सात आठे छप्पन्न' म्हणत ती इंग्रजीत त्रिकोणमिती सोडवतात आणि त्यात काही बिघडत नाही. पण पंधरा सेकंदांत भाषांतराला जागा नसते. मग ती क्लासच्या छापील वहीतलं वाक्य उतरवतात. सत्तरीतला एक मुलगा माझ्याकडे यायचा. मी शब्द उच्चारायचो, टेबलावर मोबाइलचं घड्याळ. 'रिव्हर' म्हटलं की तो लिहायचा, नद्या हे जीवन आहे. तीनदा तेच. त्याचं घर म्हादईच्या काठावर. चौथ्या वेळी थकून त्याने लिहिलं, पावसात साकव वाहून गेला की आम्ही दोर बांधतो. इंग्रजी मोडकं होतं, वेळ दहा सेकंद. मी वही मागून घेतली आणि आधीची तीन वाक्यं खोडली. पुढे तो भोपाळहून पाचव्या दिवशी परत आला, कॉन्फरन्स आऊट, म्हणजे शेवटपर्यंत टिकून निवड नाही. दुसऱ्यांदा गेला नाही. वडिलांचं दुकान बघतो. त्याचं काय चुकलं हे मला अजून सांगता येत नाही, कारण मंडळ कारण देत नाही.

हेही मुलांना आधी सांगायला हवं. पहिल्याच दिवशीच्या स्क्रीनिंगमध्ये निम्म्याहून अधिक जण छातीवरचा नंबर उतरवून घरी निघतात, तरी पहिल्या फेऱ्यात बाहेर पडलेले आणि चौथ्या-पाचव्यात निवडले गेलेले अधिकारी सैन्यात कमी नाहीत. एका क्लासच्या फलकावर मी 'पंधरा दिवसांत पंधरा गुण अंगी' अशी जाहिरात वाचली होती. मंडळ तपासतं ते पंधरा अधिकारीगुण: जबाबदारीची जाणीव, सहकार्य, निर्णयाचा वेग, चिकाटी वगैरे. घरातल्या चतुर्थीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांचं, सामान रानातून गोळा करून आणणाऱ्या मुलाकडे यातले निम्मे असतात. फक्त ते अर्जात लिहायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली केली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तिथून बाहेर पडल्या. वेरेंच्या त्याच आयएनएस मांडवीवरून नौदलाच्या महिला अधिकारी 'तारिणी' शिडाची नौका घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या, ते इथल्या मुलींनी पाहिलेलं आहे. यंदा माझ्याकडे सहा जण आहेत, त्यांत चार मुली. परवा त्यांना स्ववर्णन लिहायला दिलं. पंधरा मिनिटं: आईवडील तुझ्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय, तुला स्वतःला काय वाटतं आणि पुढे कसं व्हायचंय. एकीने पहिली ओळ कोरीच ठेवली. घरी जाऊन विचारून येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली ती जरा चिडूनच. "आई म्हणते, मी कुणाचं ऐकत नाही. हे लिहू का सर?"

लिही म्हटलं, आणि कधी ऐकलं नाहीस ते खाली लिही.