वायफायची रेंज (घरातील)

राउटरमधून निघालेल्या रेडिओलहरी घरातल्या मोबाइल, लॅपटॉप किंवा टीव्हीपर्यंत किती ताकदीने पोचतात, त्याला बोलीत ‘वायफायची रेंज’ म्हणतात. ही ताकद डीबीएम या एककात मोजतात. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. घरात मिळणारा सिग्नल याच्या कितीतरी खाली असतो, म्हणून आकडा उणे येतो. उणे ४० उत्तम. उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० च्या खाली जोडणी तुटू लागते. दोन आकड्यांतला फरक डीबीत सांगतात; दर १० डीबीला ताकद दहापटीने बदलते. त्यामुळे उणे ६० म्हणजे मिलिवॅटचा फक्त दहा लाखावा भाग. एवढ्याशा लहरीवर फोन अख्खा चित्रपट दाखवतो, याचे नवल वाटावे तेवढे थोडेच.

रेंज आणि वेग यांत नेहमी गल्लत होते. राउटरशेजारी बसूनही नेट रांगत असेल, तर आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग तपासावा. तिथेही तोच रडगाण्याचा कारभार असेल, तर दुखणे बाहेरच्या लाइनचे असण्याची शक्यता जास्त. राउटर बदलून पैसे वाया घालवू नयेत.

मोजताना पडद्यावरच्या कांड्यांवर विसंबू नये. किती डीबीएमला किती कांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची अ‍ॅप खरा आकडा दाखवतात. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की तो दिसतो. फोन घेऊन खोलीखोलीतून फिरावे. आकडा सारखा हलतो, म्हणून प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबावे, दारे रोजच्यासारखी उघडी-बंद ठेवावीत आणि आकडे कागदावर टिपावेत. राउटरकडे पाठ करून फोन छातीशी धरला, तर आकडा लगेच काही डीबीने घसरतो. शरीरातले पाणी लहरी शोषून घेते, त्याचा हा घरबसल्या मिळणारा पुरावा.

भिंतींचा हिशेब महत्त्वाचा. चार इंची विटेची भिंत लहरींना फारशी अडवत नाही, नऊ इंची अडवते, काँक्रीटची त्याहून जास्त. मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून, म्हणजे मायवान पद्धतीने, आतल्या भिंतीही बहुधा काँक्रीटच्याच ओततात. तिथे एका राउटरवर अख्खा फ्लॅट भागेलच असे नाही. जुन्या वाड्यांच्या आणि कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींचीही तीच गत. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यामागे तर रेंजची सावलीच पडते.

तरीही बहुतेक घरांत खरी चूक जागेची असते. केबलवाला जिथून वायर आत घेतो, तिथेच राउटर टांगला जातो: दारामागे, चपलांच्या कपाटावर, नाहीतर टीव्हीच्या पाठीमागे. अर्धी रेंज मग जिन्यात जाते. दहा-पंधरा मीटर जादा केबल घेऊन राउटर घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय. उभ्या अँटेनाच्या लहरी मुख्यतः आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेने सर्वांत कमी. म्हणून दुमजली घरात एखादी अँटेना आडवी करून पाहावी.

वायफायच्या नेहमीच्या दोन लहरपट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून दूरवर जातो, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच लुडबुडतो. भारतात या पट्ट्यात १३ चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे छोटे भाग, आहेत. त्यांपैकी १, ६ आणि ११ एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ४ निवडले, तर दोन्हीकडच्यांना त्रास होतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हार मानणारा. राउटरच्याच खोलीत तो वापरावा, लांबच्या खोलीत पहिला.

एवढे करूनही कोपरा कोरडाच राहिला, तर रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र, लावतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय तो रेंज नसलेल्या कोपऱ्यातच ठेवला, तर पुढे पाठवायला त्याच्याकडे काही उरत नाही. त्याची जागा राउटर आणि तो कोपरा यांच्या मधे, जिथे आकडा अजून उणे ६५ च्या वर आहे. मेश संच, म्हणजे मिळून एकच जाळे करणारी अनेक यंत्रे, महाग, पण ती आपसांत सुसूत्र चालतात. सर्वांत भरवशाचे म्हणजे भिंतीतून लॅन केबल ओढून त्या खोलीत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवर चालणारे वायफायचे यंत्र, बसवणे. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरात लांबीची अडचण येत नाही. घराचे काम चालू असतानाच वीजतंत्र्याला त्यासाठी वेगळी नळी टाकायला सांगावे. विजेच्या तारा आणि लॅन केबल एकाच नळीतून नेऊ नयेत.