कीबोर्डला हात न लावता

इंग्रजीत मोठं अक्षर टाइप करायचं तर एका बोटाने शिफ्ट दाबून धरायची आणि दुसऱ्याने अक्षराची कळ दाबायची. ज्याचं एकच बोट चालतं किंवा जो दातांत काडी धरून टाइप करतो, त्याचं घोडं इथेच अडतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलाचा हात तर हव्या त्या कळेपर्यंत पोचताना शेजारच्या चार कळा दाबतो. मनात सांगण्यासारखं पुष्कळ असतं, पण ते बाहेर यायला वाट नसते.

1977 साली अमेरिकेत ‘ॲपल टू’ हा घरगुती कॉम्प्युटर आला. त्याचं झाकण नुसत्या हाताने उघडायचं. आत जादा कार्डं बसवायला आठ स्लॉट होते आणि गेमच्या पॅडलसाठी, म्हणजे खेळताना हातात धरायच्या बटणवाल्या साधनासाठी, एक छोटं सॉकेट. पॅडलवरचं बटण म्हणजे साधा स्विच. त्याच्या जागी गुडघ्याने, हनुवटीने किंवा डोकं कलवून दाबता येईल असा मोठा स्विच जोडला, तरी कॉम्प्युटरला फरक पडत नसे.

पण एका बटणावर लिहायचं कसं? 26 अक्षरं आणि 10 अंक असे 36 खाने पडद्यावर सहा ओळींत मांडायचे. एक उजळ पट्टी ओळीवरून ओळीवर सरकत राहते. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं. मग पट्टी त्याच ओळीतल्या एकेका अक्षरावर थांबत पुढे जाते, तिथे पुन्हा दाबायचं. दर थांब्याला एक सेकंद धरला, तर शेवटचा खाना 12 सेकंदांत हाती येतो. सरळ एकामागून एक गेलो असतो तर 36 सेकंद लागले असते. नेहमी लागणारी अक्षरं वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली की आणखी वेळ वाचतो. या पद्धतीला स्कॅनिंग म्हणतात. (मराठीसाठी असा तक्ता मांडून पाहा. काना, मात्रा, वेलांट्या आल्या की 36 खाने पुरतच नाहीत.)

खरी अडचण यापुढची होती. स्कॅनिंगचा खास प्रोग्राम चालू असेपर्यंत सगळं ठीक. पण वर्गातल्या इतर मुलांची गणिताची फ्लॉपी घातली, की तो प्रोग्राम थेट कीबोर्डकडेच बघायचा आणि हे मूल पुन्हा बाजूला पडायचं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमधले ग्रेग वँडरहायडन आणि पॉल श्वेडा यांनी 1982 साली ‘बाइट’ मासिकात त्यावरचा तोडगा मांडला. त्याचं नाव अडॅप्टिव्ह फर्मवेअर कार्ड. हे कार्ड स्लॉटमध्ये बसायचं, स्कॅनिंग किंवा मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) टकटक स्वतः सांभाळायचं आणि निवडलेलं अक्षर प्रोग्रामपुढे असं ठेवायचं, की ते कीबोर्डवरूनच आलं असं त्याला वाटावं. प्रोग्राममध्ये एका ओळीचाही बदल नाही! गेम फार भरभर पळत असेल तर कार्ड त्याचा वेगही कमी करू शके. मला या साऱ्या कहाणीत हीच कल्पना सगळ्यात मोठी वाटते. मुलासाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहीत बसायचं नाही, सगळ्यांचंच सॉफ्टवेअर त्याच्या हाती द्यायचं.

अंधांसाठी ‘इको टू’ हे बोलणारं कार्डही अशाच स्लॉटमध्ये बसे. स्टीफन हॉकिंग यांची वाचा 1985 साली शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. तेव्हा त्यांच्या कामी आला तो वॉल्ट वोल्टोझ यांचा ‘इक्वलायझर’ प्रोग्राम. हातातला एक स्विच दाबत पडद्यावरचे शब्द निवडायचे, असं त्याचं काम चाले. त्यावर त्यांचा वेग मिनिटाला जास्तीत जास्त 15 शब्दांपर्यंत जाई.

ट्रेस सेंटरमधलं हे काम पुढे विंडोज 95 मध्ये पोचलं. तुमच्या विंडोज कॉम्प्युटरवर शिफ्टची कळ पाठोपाठ पाच वेळा दाबून पाहा. ‘स्टिकी कीज’ चालू करायच्या का, असं तो विचारतो. हो म्हणा, शिफ्ट एकदा दाबून सोडा आणि मग अक्षराची कळ दाबा. एका बोटाने मोठं अक्षर उमटतं.